सही केली म्हणून हक संपत नाही: जिमची फी, ‘नॉन-रिफंडेबल’ची अट आणि आपण

मीरा रोडच्या नया नगरमधून शांती नगर, हाटकेशकडे किंवा भाईंदर पूर्वेच्या नवघर रोडवरून चालत गेलं, की जिमच्या पाट्या मोजता मोजता कंटाळा येतो. ‘वर्षाची फी भरा, तीन महिने फ्री’, ‘फक्त आजच’, ‘लेडीज बॅच, लेडी ट्रेनर’. डॉक्टर साखर आणि बीपी बघून व्यायाम करा म्हणतात, दोन खोल्यांच्या घरात जागा नसते, म्हणून माणसं जिमकडे वळतात. आपल्या बायका-मुलीसुद्धा आता जातात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न सुरू होतो तो जिम सोडायची वेळ आली की.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. आमच्या धाकट्या बहिणीने जानेवारीत जिम लावली. वर्षाचे १८,००० रुपये. एवढी रक्कम एकदम नको म्हणून काउंटरवरच्या मुलाने ‘नो कॉस्ट ईएमआय’ करून दिला, दरमहा १,५००. जिम निवडण्याचं कारण एकच होतं: दुपारी बायकांसाठी वेगळी बॅच आणि शिकवायला बाईच. रमजानसाठी महिनाभर मेंबरशिप थांबवायची म्हटलं तर ५०० रुपये ‘फ्रीझ चार्ज’ मागितला, तिने नाद सोडला. ईदनंतर गेली तर लेडीज बॅच बंद! लेडी ट्रेनर सोडून गेली म्हणे. “मॅडम, जनरल बॅचला या ना, सगळ्याच येतात.”

तिने पैसे परत मागितले. उत्तर मिळालं, फॉर्मवर तुमची सही आहे. रद्द करायचं असेल तर पूर्ण फीच्या निम्मे, म्हणजे ९,००० रुपये कापले जातील. तीन महिन्यांचे ४,५०० वापरले. उरले ४,५००, तेसुद्धा हातात नाही, पुढच्या मेंबरशिपमध्ये ‘अॅडजस्ट’. आणि ईएमआय? तो चालूच राहील, कारण तो जिमचा नाहीच, एका फायनान्स कंपनीचं तिच्या नावावरचं कर्ज आहे. व्याजापासून चार हात लांब राहणाऱ्या आमच्या घरात आपण कर्ज घेतलंय हे त्या दिवशी कळलं.

हा मामला एका घराचा नाही. स्टाफरूममध्ये विषय काढला तर प्रत्येकाकडे एक किस्सा निघाला. म्हणून यामागचं गणित आणि कायदा दोन्ही नीट समजून घ्यायला हवेत.

धंद्याचं गणित

जिमला भाडं, वीज आणि मशीनचा खर्च दर महिन्याला येतो, पण पैसा येतो तो जानेवारीत आणि ऑफरच्या दिवसांत. म्हणून वर्षभराची फी आगाऊ घेतली जाते. घेणाऱ्यालाही माहीत असतं की बरेच लोक दोन-तीन महिन्यांत येणं सोडतील. सगळे मेंबर एकाच वेळी आले तर उभं राहायला जागा पुरणार नाही. न येणाऱ्यांच्या फीवर दुकान चालतं. अशा धंद्यात पैसे परत देण्याची अट कडक असणारच.

आगाऊ पैशात धोका काय असतो, हे तळवलकर्सने दाखवून दिलं. मुंबईत १९३२ पासूनचं नाव, २०१० मध्ये शेअर बाजारात उतरलेली कंपनी. २०१९ मध्ये ती कर्जाची देणी चुकवू लागली, एकामागून एक शाखा बंद पडल्या, ट्रेनरचे पगार थकले आणि वर्षाची फी भरलेले मेंबर बंद शटरसमोर उभे राहिले. लगेच पुढच्या वर्षी कोरोना आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या महाराष्ट्रातल्या जिम उघडल्या त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. मधल्या सात महिन्यांच्या फीचं काय, यावर कित्येक ठिकाणी वाद झाले. दोन्ही वेळी धडा एकच होता: जो पैसा आगाऊ देतो, धोका तो पत्करतो.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे खास जिमसाठी वेगळा कायदा नाही. न्यूयॉर्क राज्यात जिमचा करार केल्यावर तीन दिवसांत तो रद्द करता येतो. इंग्लंडमध्ये २०११ साली हायकोर्टाने ॲशबोर्न मॅनेजमेंट या कंपनीच्या खटल्यात मेंबरला लांब मुदतीत अडकवणाऱ्या अटी अन्यायकारक ठरवल्या. आपल्याकडे तसं नसलं तरी आपण उघड्यावर नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे, आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे.

या कायद्यात ‘अन्यायकारक करार’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, ग्राहकाला तोट्यात टाकणारा अवाजवी आकार किंवा अट, हे त्यात येतं. सदोष सेवा बंद करून पैसे परत न देणं आणि बिल न देणं, या ‘अनुचित व्यापार प्रथा’ मानल्या आहेत. हप्त्यावर सेवा घेणाराही कायद्याने ग्राहकच आहे. एप्रिल २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पायोनियर अर्बन या बिल्डरच्या खटल्यात सांगितलं, की करारातल्या एकतर्फी अटी हीच अनुचित व्यापार प्रथा होय आणि ग्राहकाला अशा अटींना बांधून ठेवता येत नाही. म्हणजे ‘सही आहे ना?’ हा प्रश्न शेवटचा शब्द नाही. त्याला जोडून १८७२ चा करार कायदा आहे. त्याचं कलम ७४ म्हणतं, करार मोडल्यावर वाजवी भरपाईच मागता येते, करारात लिहिलेली रक्कम फार तर वरची मर्यादा ठरते. तीन महिन्यांत सोडलेल्या मेंबरमुळे जिमचं ९,००० रुपयांचं नुकसान कसं झालं, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक आहे.

शिक्षणक्षेत्रात हा वाद आधीच होऊन गेला आहे. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी ऑफ एज्युकेशन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की कॉलेजने एका वेळी एका सत्राची किंवा वर्षाची फी घ्यावी आणि पुढची आगाऊ घेतलीच तर ती बँकेत ठेवावी. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी हिशेबाने १० दिवसांत परत द्यावी, असं त्यात आहे. क्लासच्या बाबतीत जे न्याय्य, ते जिमच्या बाबतीत का नाही? कोचिंगसारखाच साधा नियम जिमसाठी करा, ही मागणी आपल्या नगरसेवक-आमदारांपुढे ठेवायला काय हरकत आहे?

प्रत्येक तक्रार सारखी नसते

इथे इन्साफ दोन्ही बाजूंनी करायला हवा. जिमने कबूल केलेली सेवाच बदलली, म्हणजे बॅच बंद, ट्रेनर गेला, शाखा हलवली, मशीन महिनोन् महिने बिघडलेली, तर उरलेल्या काळाचे पूर्ण पैसे मागा. तुमचं कारण खरं पण जिमचा दोष नाही, म्हणजे आजारपण, गरोदरपण, बदली, तर डॉक्टरचा कागद किंवा बदलीची ऑर्डर जोडा आणि थोडी वाजवी कपात मान्य करायची तयारी ठेवा. आणि केवळ सकाळी उठवत नाही म्हणून जाणं सोडलं असेल, तर दावा कमजोर आहे. जिम उघडी होती, आपणच गेलो नाही. खोटं कारण सांगून पैसे मागणं हीसुद्धा मापात पापच झालं.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, तोंडी भांडण बंद. बहिणीचे काउंटरवरचे तीन फेरे फुकट गेले. मग आम्ही साधं पत्र लिहिलं: कधी प्रवेश घेतला, काय कबूल केलं होतं, काय बदललं, किती महिने वापरलं, किती परत हवे, १५ दिवसांची मुदत. पत्र ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. सोबत लेडीज बॅचच्या जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचा ‘लेडी ट्रेनर मिळेल’ हा मेसेज. तो एक मेसेज सगळ्यात उपयोगी पडला, कारण छापील फॉर्मवर लेडीज बॅचचा शब्दही नव्हता.

दुसरी, ईएमआय. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका, क्रेडिट स्कोअर खराब होतो आणि उद्या घराच्या कामाला अडचण येते. फायनान्स कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवा की सेवा बंद आहे, वाद चालू आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे. ‘नो कॉस्ट’ या शब्दाला भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, तो आकार कुठे तरी लपवलेला असतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. ॲपवरून कर्ज देताना सगळा खर्च सांगणारं पत्रक देणं आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करू देणं हा नियम आहे. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगण्याआधी एवढं विचारा, हे कर्ज आहे का?

तिसरी, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी १९७५ पासून काम करणारी संस्थाही मार्गदर्शन करते.

चौथी, ग्राहक आयोग. आपण मीरा-भाईंदरवाले ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो. जिमचं मुख्य ऑफिस दिल्लीत असो की बंगळुरूत, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी शून्य. वकील सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर थांबू नका. एक बारकावा लक्षात ठेवा: एखादी अटच अन्यायकारक म्हणून रद्द ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि त्यावरच्या राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगात तक्रार लिहिताना ‘सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा’ असं लिहावं आणि पैसे परत मागावेत.

पाचवी, जीएसटी. ‘टॅक्स परत मिळत नाही’ हे उत्तर अर्धवट आहे. सेवा रद्द झाली तर विक्रेत्याला क्रेडिट नोट काढता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, तोही बिलात तपासा.

शेवटी काय झालं

हेल्पलाइनवर तक्रार गेल्यावर जिमच्या मॅनेजरचा सूर बदलला. पाचव्या आठवड्यात जिमने १२,००० रुपये थेट फायनान्स कंपनीला परत केले आणि कर्ज बंद झाल्याचा कागद बहिणीच्या हातात आला. मध्ये एक जास्तीचा हप्ता गेला होता, ते १,५०० रुपये बुडाले. आयोगात जाऊ या, असं आम्ही म्हणालो. ती म्हणाली, “राहू दे, मला झोप लागली पाहिजे.” आम्हाला तो निर्णय पटला नाही, पण पैसे तिचे, तब्येत तिची.

खरी खंत वेगळी आहे. त्या लेडीज बॅचमध्ये आणखी अकरा जणी होत्या. त्यांच्यापैकी एकीनेही पत्र लिहिलं नाही. कुणाला घरी कळायला नको होतं की १८,००० भरले, कुणी म्हणाली ‘कोण कोर्टात जाणार’, कुणाकडे पावतीच नव्हती. दोघी जनरल बॅचला जायला लागल्या, बाकीच्या घरी बसल्या. ज्यांच्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, त्यांचा व्यायामही गेला आणि पैसेही. खरं तर एकसारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एखादीला आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते, कायद्याच्या कलम ३५ मध्ये तशी सोय आहे. बारा सह्यांचं एक पत्र गेलं असतं तर कदाचित बॅचच पुन्हा सुरू झाली असती.

कुरआनातली सर्वात लांब आयत नमाज-रोजाविषयी नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तरी आपण शेजारच्याला दिलेले पैसे लिहीत नाही आणि जिमचा फॉर्म वाचत नाही. पुढच्या वेळी सही करण्याआधी फॉर्मवर पेनाने दोन ओळी लिहून घ्या: ‘लेडीज बॅच बंद झाल्यास उरलेल्या महिन्यांची फी परत’, आणि खाली जिमवाल्याची सही. तो नाही म्हणाला, तर वर्षाऐवजी एकाच महिन्याची फी भरा. महाग पडेल, पण निघायचा दरवाजा उघडा राहील. आणि घरातल्या मुलींना जिमला पाठवताना ट्रॅकसूटसोबत पावतीची फाइलही घेऊन द्या.