ईदचा चांद आणि ब्लू मून



या महिन्यात आम्ही एक असा इंग्रजी वाक्प्रचार घेतला आहे, जो मुलांच्या तोंडी सर्रास ऐकू येतो, पण वापरताना हमखास घोटाळा होतो. तो म्हणजे 'वन्स इन अ ब्लू मून'. अर्थ सोपा आहे: फार क्वचित, सठीसहामासी.

घोटाळा कसा होतो ते आधी सांगतो. आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्षभर शाळा सुटल्यावर थांबून, एक पैसा न घेता तिला शिकवले होते. निकालाच्या दिवशी मुलीने बाईंना मोबाइलवर आभाराचा संदेश पाठवला. शेवटचे वाक्य होते: 'टीचर्स लाइक यू हेल्प स्टुडंट्स वन्स इन अ ब्लू मून.' तिला म्हणायचे होते की तुमच्यासारख्या शिक्षिका विरळाच. वाक्याचा अर्थ मात्र झाला: तुमच्यासारखे शिक्षक विद्यार्थ्यांना क्वचितच मदत करतात!

बाईंचे उत्तर आले नाही. चार दिवस मुलगी बेचैन. शेवटी तिच्या अम्मीने संदेश आम्हाला दाखवला, तेव्हा चूक कळली. मुलगी त्याच संध्याकाळी मिठाई घेऊन बाईंच्या घरी गेली आणि मनातली गोष्ट मराठीत सांगितली. बाईंनी तिला जवळ घेतले आणि लगेच वाक्य दुरुस्तही करून दिले: 'टीचर्स लाइक यू कम अलाँग वन्स इन अ ब्लू मून.' म्हणजे तुमच्यासारखे शिक्षक क्वचितच लाभतात. बदलले फक्त क्रियापद, पण तक्रारीचे वाक्य कौतुकाचे झाले.

यातून पहिला नियम मिळतो. हा वाक्प्रचार वाक्यातल्या क्रियेला चिकटतो. जी क्रिया लिहाल, ती क्वचित घडते असा अर्थ होतो. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला विचारावे: नक्की काय क्वचित घडते? मदत करणे, की अशी माणसे भेटणे?

आता हा 'निळा चांद' कुठून आला ते पाहू. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. इंग्रजी महिने बहुधा ३० किंवा ३१ दिवसांचे. त्यामुळे महिन्याच्या १ तारखेला पौर्णिमा आली, तर अखेरीस दुसरी येऊ शकते. या दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला आज 'ब्लू मून' म्हणतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे २ आणि ३१ तारखेला पौर्णिमा होती. २०२६ च्या मे महिन्यात १ आणि ३१ तारखेला. असा योग साधारण अडीच-तीन वर्षांनी येतो. चंद्र त्या रात्री निळा नसतो, नेहमीसारखाच दिसतो. हा अर्थही तसा नवाच आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या एका खगोल मासिकाने जुन्या पंचांगातली व्याख्या चुकीची समजून छापली आणि तीच रूढ झाली. 'क्वचित' या अर्थाने वाक्प्रचार मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होता.

चंद्र खरोखर निळसर दिसल्याच्याही नोंदी आहेत. १८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा हवेत पसरलेल्या बारीक धुळीमुळे अनेक ठिकाणी लोकांना तो तसा दिसला होता.

आपल्या हिजरी महिन्यात असा दुसरा पूर्ण चांद येऊच शकत नाही, कारण महिना नव्या चांदपासूनच सुरू होतो. बारा चांद्रमहिन्यांचे ३५४ किंवा ३५५ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ कमी. म्हणून आपला रमजान दरवर्षी तितका अलीकडे सरकतो. हिंदू पंचांगात हाच फरक भरून काढायला अधिक महिना घालतात. 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीतला तेरावा महिना तोच. २०२३ मध्ये ब्लू मून होता आणि अधिक श्रावणही होता. कारण दोन्हींच्या मागे हिशेब एकच आहे.

आपल्याकडे बरेच दिवसांनी भेटलेल्या पाहुण्याला 'आप तो ईद का चांद हो गए' म्हणतात. मुले त्यावरून थेट इंग्रजी करतात: 'यू हॅव बिकम अ ब्लू मून.' हे चूक. उर्दूत माणूस चांद होतो, इंग्रजीत होत नाही. बरोबर वाक्य: 'वी सी यू ओन्ली वन्स इन अ ब्लू मून.'

रोजच्या वापरातली काही बरोबर वाक्ये पाहा.

'माय मामू कम्स होम फ्रॉम कुवेत वन्स इन अ ब्लू मून.' मामू क्वचितच घरी येतात.

'वी ईट आउट वन्स इन अ ब्लू मून.' आम्ही बाहेर जेवायला क्वचितच जातो.

'वन्स इन अ ब्लू मून, अब्बू कुक्स बिर्याणी.' अब्बू कधीतरीच बिर्याणी करतात.

आणि या चुका टाळा.

एक, मधला 'अ' गाळू नका, त्याजागी 'द' घालू नका आणि 'मून'चे 'मून्स' करू नका.

दोन, सोबत नकार नको. 'ही डजन्ट कम वन्स इन अ ब्लू मून' म्हणू नये, कारण 'क्वचित'मध्ये नकाराची छटा आधीच आहे. 'ही कम्स वन्स इन अ ब्लू मून' पुरेसे.

तीन, आयुष्यात एकदाच येणाऱ्या गोष्टीला हे लावू नका. नानीला हजची संधी मिळाली, तर तिथे 'वन्स इन अ लाइफटाइम' म्हणावे. ब्लू मून क्वचित येतो, पण पुन्हा येतो.

चार, हा घरगुती, गप्पांचा वाक्प्रचार आहे. नोकरीच्या अर्जात 'आय टेक लीव्ह वन्स इन अ ब्लू मून' लिहू नये. तिथे साधे 'आय रेअरली टेक लीव्ह' शोभते.

आता मुलांसाठी अभ्यास. घरातल्या प्रत्येकाने क्वचित घडणाऱ्या एकेका गोष्टीवर वाक्य करावे आणि रात्री जेवताना एकमेकांना ऐकवावे. कुणाच्या वाक्यात 'वी कॉल दादी वन्स इन अ ब्लू मून' असे आले, तर व्याकरण अगदी बरोबर आहे. फक्त ते वाक्य खरे राहू देऊ नका. जेवण झाल्यावर लगेच दादीला फोन लावा.

पुढच्या महिन्यात नवा वाक्प्रचार घेऊन भेटू, इन्शाअल्लाह. खुदा हाफिज.