टेनिस एल्बो आणि लेसर



‘लेसरच्या प्रकाशाने टेनिस एल्बो हमखास बरा होतो’ हा एका पत्रलेखकाचा दावा अर्धाच खरा आहे. 13 चाचण्यांतील 730 रुग्णांचा एकत्रित आढावा 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात 904 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर थेट दुखऱ्या कंडरेवर दिल्यास थोड्या काळापुरता आराम दिसला. 820 आणि 1064चा उपयोग दिसला नाही. म्हणजे नुसत्या ‘प्रकाशा’वर भागत नाही. ‘पण लोकांना गुण येतो ना?’ असे कोणी म्हणेल. येतोच, मात्र हे दुखणे बहुतेकांचे वर्षभरात आपसूक ओसरते आणि श्रेय शेवटच्या उपचाराला जाते. ज्यांचे ओसरत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. सचिन तेंडुलकरला 2005मध्ये शस्त्रक्रियाच करावी लागली.

आणि उंब्रजला टेनिस खेळतो कोण? इथे हे दुखणे कोयता नि थापी धरणाऱ्यांचे, ओले लुगडे पिळताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येणाऱ्या बायकांचे. रोजंदारी बुडवून लेसरच्या बैठका घेणाऱ्यांना मनगटाचे व्यायाम आधी शिकवावेत. लेसर घ्यायचाच, तर पैसे भरण्यापूर्वी यंत्राची तरंगलांबी जरूर विचारा.

– एक वाचक, उंब्रज (ता. कराड)