सीमाभागाचा जानेवारी

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी घराला जानेवारीत उसंत नसते. बेळगावकडे भाताची सुगी उरकून मसूर-वाटाण्याची राखण चाललेली, निपाणीकडे तंबाखूच्या काढणीची घाई. त्यातच भोगी, संक्रांत, हळदीकुंकू. १७ तारखेला सीमालढ्यातल्या, १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना अभिवादन. तरीही हिवाळ्यातल्या रविवारी माणसं वेळ काढतात साहित्य संमेलनासाठी! कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी ही बेळगावजवळची गावं. नावं शेताशिवारांची, पण मांडव सारस्वतांचे. सकाळी ग्रंथदिंडी निघते. नऊवारी नेसलेल्या शाळकरी मुली लेझीम खेळतात, दारोदारी बायका पालखीतल्या पुस्तकांना ओवाळतात. आठवडाभर बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत राबणारा माणूस दुपारी कविसंमेलनात वहीच्या पानाची घडी उलगडून कविता वाचतो. समोर त्याची आई, बायको, पोरं. इथे छंद, घर आणि भाषा वेगळी काढताच येत नाहीत. सरकारी पाठबळाची वाट न पाहता, गावानं वर्गणी काढून चालवलेला हा सोहळा मला आपल्या मोठ्या संमेलनांपेक्षा अधिक अस्सल वाटतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, यंदा एक रविवार इकडे या, आणि येताना गावच्या वाचनालयासाठी चार पुस्तकं आणा.