प्रतापगडची परकीय भाषा

परकीय भाषांचे शिक्षण म्हणजे काय, याविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात जी समजूत रूढ झाली आहे, तिचा एकदा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. ही समजूत संस्थांच्या नावांतूनही डोकावते. हैदराबादेस १९५८ साली केंद्र सरकारने इंग्रजीच्या अध्यापनाकरिता एक संस्था काढली. १९७२ साली तीत जर्मन, रशियन, फ्रेंच या भाषांची भर पडली, पुढील वर्षी तीस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २००७ साली ती केंद्रीय विद्यापीठ झाली. नाव ठेवले ‘इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ’. यातील ‘आणि’ हे अव्यय मोठे बोलके आहे. इंग्रजी तेवढी घरची, बाकीच्या परकीय! संस्थेच्या कार्याविषयी आम्हांस आदर आहे. तक्रार आहे ती आपल्या वर्गाच्या दृष्टीविषयी. मुलास जर्मन शिकवावयाचे ते जर्मनीस जाता यावे म्हणून, जपानी ती जपानी कारखान्यात जागा मिळावी म्हणून. भाषेची थोरवी पगारपत्रकावरून ठरविणारा हा न्याय आम्हांस मान्य नाही.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, प्रतापगड आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ते आपणांस ठाऊक असते. परंतु त्याच परिसरात, गोठणगावानजीक, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून, म्हणजे हैदराबादेस फ्रेंच-जर्मन आल्या त्याच वर्षापासून, नांदत आहे, याची दाद किती जणांस आहे? अर्ध्या शतकाहून अधिक काळ एक परकीय भाषा आपल्या धानाच्या बांधापलीकडे बोलली जात आहे. बाजारहाटापुरती आपली बोली त्यांस शिकावीच लागली. आपण मात्र थंडीच्या दिवसांत तिबेटी बाईकडून स्वेटर घेताना घासाघीस करण्यापलीकडे गेलो नाही.

आणि ही भाषा काही ऐरीगैरी नव्हे. भारतात नष्ट झालेले कित्येक संस्कृत बौद्ध ग्रंथ कांग्यूर व तेंग्यूर या तिबेटी संग्रहांत भाषांतररूपाने वाचले. दिङ्नागाचा ‘प्रमाणसमुच्चय’ बराच काळ अभ्यासकांस मुख्यत्वे तिबेटीतूनच ठाऊक होता. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटच्या खडतर वाऱ्या केल्या त्या अशाच ग्रंथांसाठी. ज्या विदर्भात, नागपुरास, १९५६ साली लक्षावधी लोकांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला, तेथे तिबेटीचे अध्ययन ही चैन ठरावी काय? आमच्या मुलाने त्यासाठी सारनाथचीच वाट का धरावी?

‘तिबेटीने पोट भरेल काय?’ असा आक्षेप येईलच. धर्मानंद कोसंबी पालीसाठी गोव्याहून निघून सिंहलद्वीपास गेले, तेव्हा पालीने तरी कोणाचे पोट भरत होते? तरी पुढे हार्वर्डने आणि लेनिनग्राडने त्यांस बोलावले, आणि मराठीस बुद्धचरित्र लाभले ते मुळातून. इंग्रजीच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्यास ते साधले नसते. मोल्सवर्थसारख्या परक्या शिपाईगड्याने १८३१ साली आपल्या भाषेचा कोश सिद्ध केला. आपण शेजाऱ्याच्या भाषेची वर्णमालाही ओळखू नये, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

विदर्भास भाषांच्या विद्यापीठांचा दुष्काळ नाही. वर्धेस हिंदीचे, रामटेकास संस्कृताचे, आता रिद्धपुरास मराठीचे. शिवाय १९२३ पासूनचे नागपूरचे आहेच. हैदराबादेच्या तोलाची नवी इमारत आम्ही मागत नाही. यांपैकी एकाने वसाहतीतील दोन जाणत्या तिबेटी माणसांस अध्यापक नेमावे, दहा विद्यार्थी गोठणगावास धाडावे, आणि तिबेटी-मराठी कोशाचे काम हाती घ्यावे, एवढेच मागणे आहे. १९५९ च्या सुमारास जे तिबेटातून आले, त्यांतील हयात मंडळी आता सत्तरीच्या आसपास वा तिच्या पलीकडे आहेत. समिती, उपसमिती व तिचा अहवाल यांची वाट पाहण्याइतकी सवड त्यांच्यापाशी नाही.