थेंबभर रक्त आणि संशोधनाची दिशा

बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टेकवावा आणि काही सेकंदांत साखरेचा आकडा समोर यावा, या गोष्टीचे आता कोणालाही नवल वाटत नाही. नवल वाटावे ते याचे की, जिचा वापर घरोघरी होतो त्या पट्टीमागील शास्त्र आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकतात, विद्यापीठे त्यावर प्रबंध स्वीकारतात आणि तरीही स्वस्त, खात्रीची पट्टी ग्रामीण रुग्णाच्या हाती अखंडपणे पडत नाही. हा प्रश्न केवळ रसायनशास्त्रज्ञांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे व आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आजऱ्यापासून फारशा दूर नसलेल्या गोव्यात तर हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले.

या पट्टीचा प्राण म्हणजे विकर, अर्थात एन्झाइम. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर रक्तातील असंख्य पदार्थांतून नेमके ग्लुकोज ओळखते आणि त्याचे ऑक्सिडीकरण करते. त्या क्रियेत सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युताग्रापर्यंत, म्हणजे इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचविता आले, तर मिळणारा विद्युतप्रवाह साखरेच्या प्रमाणात असतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी विकर आणि विद्युताग्र यांची ही जोडी प्रथम सुचविली. १९७५ मध्ये तिच्यावर आधारलेले विश्लेषक यंत्र बाजारात आले, आणि १९८७ मध्ये लेखणीएवढे उपकरण रुग्णाच्या खिशात जाऊन बसले. कल्पनेपासून खिशापर्यंतचा हा प्रवास पंचवीस वर्षांचा होता. तो पूर्ण झाला याचे कारण प्रयोगशाळा, रुग्णालय आणि कारखाना ही तीन दारे एकमेकांसाठी उघडी राहिली.

यातील खरी अडचण विकराच्या घडणीतच आहे. त्याचे क्रियाशील केंद्र प्रथिनाच्या वेटोळ्यांत खोल दडलेले असते. त्यामुळे इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास मध्यस्थ पदार्थ लागतो. येथेच अब्जांश पदार्थांचे, म्हणजे नॅनो पदार्थांचे महत्त्व कळते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इतामार विल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अवघ्या १.४ नॅनोमीटर आकाराचा सोन्याचा कण विकराच्या केंद्राशी जोडून दाखविला. निसर्गात ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७०० असतो. या जोडणीत तो सुमारे ५००० वर गेला. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या व ग्राफीन यांचा उपयोगही याच हेतूने होतो. त्यांच्यामुळे पृष्ठभाग वाढतो, अधिक विकर त्यावर बसते आणि इलेक्ट्रॉनची वाट आखूड होते.

हीच यंत्रणा वीजनिर्मितीसाठीही वापरता येते. एका विद्युताग्रावर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण आणि दुसऱ्यावर लॅकेजसारख्या विकराच्या मदतीने ऑक्सिजनचे पाणी, असा घट संशोधकांना ठाऊक आहे. २०१० मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे असा घट उंदराच्या शरीरात बसवून चालवून दाखविण्यात आला. तथापि येथे अतिशयोक्तीचा मोह आवरला पाहिजे. असा एक घट एक व्होल्टहून कमी दाब देतो, त्याची शक्ती अत्यल्प असते आणि विकर थकले की तो थांबतो. साखर कारखान्याची चाके त्याने फिरणार नाहीत. परंतु ज्या साखरेचे मोजमाप करावयाचे तिच्यातूनच स्वतःपुरती वीज मिळविणारा संवेदक त्याने घडू शकतो, आणि तेवढेही थोडके नाही.

मग आजऱ्याचा याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. हिरण्यकेशीच्या काठावरील हा तालुका घनसाळ तांदूळ, काजू, ऊस आणि दूध यांवर जगतो. काजूच्या मोहोरावर ढेकण्या पडला की फवारणी येते. त्या औषधांतील ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गाची द्रव्ये ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात. म्हणूनच ते विकर विद्युताग्रावर बसवून पाण्यातील किंवा भाजीतील विषाचा अंश प्रवाहाच्या घटीवरून ओळखता येतो. दुधात मिसळलेला युरिया युरिएज या विकराने सापडतो. मधुमेह, दूध आणि फवारणी, या तिन्ही ठिकाणी नमुना हातात आहे, पण त्याची परीक्षा दूरच्या प्रयोगशाळेत. कोल्हापूर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर असताना नमुना पाठवून अहवालाची वाट पाहण्यापेक्षा दूध संकलनाच्या जागी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातच निर्णय होणे अधिक शहाणपणाचे नाही काय?

आणखी एक मुद्दा आहे. विकर नाजूक असते. उष्णता व दमटपणा त्याचा घात करतात, आणि डबीचे झाकण उघडे राहिले तर चांगली पट्टीही बिघडते. वातानुकूलित प्रयोगशाळेत यशस्वी झालेला संवेदक आजऱ्याच्या आषाढात टिकतो की नाही, याची परीक्षा आजऱ्यातच व्हावयास हवी. घाटमाथ्याचा पाऊस हा या संशोधनाचा अडथळा नसून कसोटी आहे.

या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१४ च्या जानेवारीत मुंबईची आयआयटी आणि हैदराबादची बिट्स या संस्थांनी विकसित केलेली स्वदेशी मोजणीयंत्रे केंद्र शासनाने समारंभपूर्वक सादर केली, आणि पट्टीची किंमत दोन ते चार रुपये राहील असे सांगण्यात आले. आज औषधांच्या दुकानात पट्टीसाठी त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. रोज तपासणी करावयाची म्हटल्यास शिक्षक किंवा कारकून यांच्या वेतनालाही तो भार जाणवतो. शेतमजुराने तर तपासणीच टाळावी, आणि ती टाळल्याची किंमत पुढे डोळ्यांनी व मूत्रपिंडांनी द्यावी, असे घडते. उणीव बुद्धीची नाही. ती खरेदीच्या हमीची, उत्पादनाच्या सातत्याची आणि पाठपुराव्याची आहे.

उलट बाजूने असे म्हटले जाईल की, मूलभूत संशोधनाला उपयोगाच्या दावणीला बांधू नये. ते खरे आहे. परंतु जो प्रबंध स्वतःच्या पहिल्याच पानावर मधुमेही रुग्णाचे नाव घेतो, त्याने शेवटच्या पानावर रुग्णाच्या रक्ताचा एकतरी नमुना तपासलेला असावा, ही अपेक्षा उपयुक्ततावाद नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संवेदक-संशोधनात खरे नमुने, काही महिन्यांची साठवण आणि रुग्णालयीन मोजणीशी तुलना बंधनकारक असावी. आयएसओ १५१९७ या मानकाची अट अशी की, साखर १०० मिलिग्रॅमच्या वर असता ९५ टक्के मोजण्या १५ टक्क्यांच्या आत अचूक असाव्यात. ती अट पुरी करणाऱ्या स्वदेशी पट्टीला शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी खरेदीची दीर्घ मुदतीची हमी द्यावी. आणि शिवाजी विद्यापीठातील नॅनोविज्ञानाच्या विभागाने आजऱ्यासारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांना या चाचणीत भागीदार करून घ्यावे. पदवीच्या विद्यार्थ्याला कुपीतल्या तयार द्रावणाऐवजी गावच्या ओढ्याचे पाणी तपासावयास मिळाले, तर विज्ञान त्याच्या अधिक लवकर अंगवळणी पडेल.

संशोधनाची प्रतिष्ठा प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येवर मोजण्याची सवय आपल्याला जडली आहे. ती सोडणे कठीण आहे, पण अशक्य नाही. विकराने दिलेला इलेक्ट्रॉन वाटेतच हरवला तर यंत्रात आकडा उमटत नाही. ज्ञानाचेही तसेच आहे. ते विद्यापीठाच्या आवारात कितीही मुबलक असले, तरी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत त्याचा प्रवाह पोहोचत नाही तोवर त्याची मोजणी शून्यच राहणार.