गावपण ठेवायचे, तर निर्णयही गावातच ठेवा



कोल्हापूरची हद्दवाढ हा विषय कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत कशाला, असे कोणी विचारील. आमच्याकडे ऊस, पंचगंगेचे पाणी आणि दारात म्हैस. तुमच्याकडे पावसाच्या भरवशावरची पेरणी. दोघांचे दुखणे वेगळे वाटते. पण ज्या कायद्याच्या एका कलमावर उचगाव-पाचगावचे भवितव्य टांगलेले आहे, त्याच कलमाने १९९२ साली सोलापूरच्या कडेची ज्वारीची राने शहरात ओढली आणि २०१६ साली अकोल्याच्या कडेची गावे ओढली. जालन्याची महापालिका २०२३ साली झाली. उद्या कोणाच्या बांधावर महापालिकेची पाटी उभी राहील, हे त्या बांधाच्या मालकाला सर्वांत शेवटी कळेल. म्हणून आमच्याकडची हकीकत तुम्ही ऐकून ठेवलेली बरी.

कोल्हापूरची महापालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. (त्याच वर्षी तुमच्या कापसाच्या गळ्यात एकाधिकार खरेदीचे लोढणे अडकवले गेले, हा योगायोग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटर. त्यानंतर पन्नास वर्षे हद्दवाढीचे प्रस्ताव मुंबईला जात राहिले आणि धूळ खात राहिले. कधी ४२ गावांची यादी, कधी १८ गावे आणि दोन औद्योगिक वसाहती. उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, सरनोबतवाडी, उजळाईवाडी ही नावे यादीत पुन्हा पुन्हा आली. गावांनी दरवेळी बंद पाळले, मोर्चे काढले, ग्रामसभांचे ठराव केले. शेवटी २०१७ साली सरकारने मधली वाट म्हणून करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील ४२ गावांवर नागरी विकास प्राधिकरण बसवले. गाव महापालिकेत गेले नाही, पण बांधकामाच्या परवानगीचा अधिकार गावात राहिला नाही. नवरा मेला नाही, पण कुंकू पुसले, अशी अवस्था.

शहराचे म्हणणे काय? हद्द वाढली की लोकसंख्या वाढते, लोकसंख्या वाढली की निधी वाढतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. कडेची गावे धरली की आकडा फुगतो. म्हणजे गावातला माणूस हवा तो डोकी मोजण्यापुरता. दुसरे म्हणणे असे की या गावांतले लोक शहराची बस वापरतात, शहराच्या दवाखान्यात जातात, मग शहराचा कर का भरत नाहीत? या प्रश्नात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण मग शहर खेड्याचे काय काय वापरते, त्याचेही बिल निघू द्या. १८९५ साली शाहूपुरी वसली ती गुळाच्या पेठेसाठी. कोल्हापूर वाढले ते करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळांवर. आज त्याच शहराचे सांडपाणी पंचगंगेतून खालच्या गावांना जाते, आणि २०१९ व २०२१ सारखा पूर आला की शिवारे दिवस दिवस पाण्याखाली राहतात. त्या बिलावर सही करायला कोणी नगरसेवक पुढे येत नाही.

आता मूळ मुद्दा. गाव म्हणजे काय, हे कोण ठरवतो?

जनगणनेच्या हिशेबात शहराला तीन अटी आहेत : वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. यात जे बसत नाही ते खेडे. म्हणजे सरकारदरबारी खेड्याला स्वतःची व्याख्या नाही. शहर वजा केल्यावर जे उरते ते खेडे. पण तिसरी अट पुन्हा वाचा. पुरुषांपैकी! शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात घरचा पुरुष कामाला गेला की तो बिगरशेती झाला. मागे त्याची बायको म्हशीचे शेण काढते, धार काढते, वैरण आणते, भांगलण करते. ती या हिशेबात नाहीच. तुमच्याकडे तर कापूस वेचायला, ज्वारी काढायला बाईच पुढे असते. बाईच्या कष्टावर शेती चालू असली तरी कागदावर गाव शहर होऊ शकते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशात अशी कागदी शहरे १,३६२ वरून ३,८९४ झाली. माणसे फारशी हलली नाहीत, शेती उठली नाही, रकाना बदलला.

रकाना बदलल्याने काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१३ चा भूसंपादन कायदा काढून पाहावा. ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला एक ते दोन यामधील गुणांक लावायची तरतूद त्यात आहे. शहरी जमिनीला एकच. तेच रान, तीच माती, तोच मालक. गुणांक मात्र नकाशावरची रेघ ठरवते. शक्तिपीठ महामार्गाची २०२४ ची आखणी वर्ध्यापासून सिंधुदुर्गापर्यंत बारा जिल्ह्यांतून होती. कापसाचे जिल्हे त्यात, ज्वारीचे जिल्हे त्यात आणि आमचे कोल्हापूरही. त्याविरुद्ध कोल्हापूरचा शेतकरी इतक्या मोठ्या संख्येने का उठला, याचे एक कारण हे की रेघ मारणाऱ्याचा हात त्याने पन्नास वर्षे जवळून पाहिला होता.

आता कायदा. महापालिकेची हद्द बदलायची तर राज्य सरकारने महापालिकेशी विचारविनिमय करायचा, मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या आणि अधिसूचना काढायची. महापालिकेशी विचारविनिमय आहे. जे गाव गिळायचे त्याच्या संमतीची अट नाही. ग्रामसभेचा ठराव ही एक हरकत, बाकीच्या हरकतींच्या ढिगात ठेवलेली. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, ढोल वाजले. पण ग्रामसभा ज्या गावाची, ते गाव राहणार की नाही हे ठरवायला तिला मत नाही. याच महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे तर उभी बाटली-आडवी बाटली असे गुप्त मतदान होते. बाटलीसाठी मतदान आहे, गावासाठी नाही.

हद्दीत गेल्यावर काय मिळते, ते सोलापूरकरांना विचारा. १९९२ साली जी गावे आत घेतली, त्या भागाला तीस वर्षांनंतरही लोक ‘हद्दवाढ भाग’ म्हणूनच ओळखतात. लग्नाला तीस वर्षे झाली तरी सून ‘नवी’च. पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा सोसला. २०१७ साली ती महापालिकेत घेतली. कराच्या पावत्या आल्या, पाण्यासाठी टँकर चालूच राहिले. २०२४ साली त्यांना बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली. कचऱ्याला जागा गावची आणि नकाशा शहराचा.

इथपर्यंत आमच्या गावपुढाऱ्यांना माझे म्हणणे गोड लागेल. आता कडू ऐका. हद्दवाढीला विरोध करणारा प्रत्येक जण शेतीसाठी विरोध करतो असे नाही. कडेच्या गावांत मजल्यावर मजले चढलेत. शेत कधीच प्लॉट झाले, ओढे बुजवून रस्ते झाले, गायरानावर अतिक्रमणे झाली, आणि व्यासपीठावर मात्र ‘आमचे गावपण वाचवा’. ग्रामपंचायतीची परवानगी स्वस्तात आणि ओळखीत मिळते म्हणून ज्यांना ग्रामपंचायत हवी, त्यांच्या तोंडी गावपण हा शब्द शोभत नाही. असल्या माणसांच्या मोर्चात आपण आपला बिल्ला लावून चालायचे नाही.

आणि तिसरा एक गट आहे, तो जास्त गोड बोलतो. त्याला गावपण फार आवडते. रविवारी चुलीवरची भाकरी, पिठले, हुरडा, बैलगाडीतून फेरी. संध्याकाळी गाडी परत शहरात. या मंडळींची मागणी असते की शहराभोवती हिरवा पट्टा राखा, शेतीच्या जमिनीवर बांधकाम होऊ देऊ नका. ऐकायला बरे वाटते. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस आहे. नदीकाठची गाळाची माती सिमेंटखाली जाताना मलाही वाईट वाटते. ती माती शतकांनी साचते, आणि सपाट, रस्त्याकडेची म्हणून तीच आधी जाते. पण एक साधा हिशेब करा. रस्त्याच्या अलीकडे पिवळा पट्टा, तिथे गुंठ्याला जो भाव, तो पलीकडच्या हिरव्या पट्ट्यात नाही. फरक कोणाच्या खिशातून गेला? हिरवळ शहराला, तोटा शेतकऱ्याला. रस्त्यासाठी, शाळेसाठी आरक्षण टाकले तर निदान मोबदला किंवा विकासहक्क मागता येतो. नुसते ‘शेती’ असे रंगवून ठेवले तर काहीच नाही. ही उणे सबसिडीच आहे, जमिनीवरची. एकाधिकार खरेदीत कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती. उसाला झोनबंदी होती. हिरवा पट्टा ही जमिनीची झोनबंदी. माल तुमचा, फाटक त्यांचे.

शेती परवडत असती तर एवढे बोलावे लागले नसते. ज्या शेतकऱ्याला एकरी चार पैसे उरतात तो बिल्डरला उंबऱ्यावर उभा करत नाही. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये, तुमचा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत नेली. ज्वारीचे तर काय सांगावे! रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ज्वारी खाणाऱ्यांच्या ताटातूनच ज्वारी हटली. ज्वारी गेली की कडबा गेला, कडब्यामागे बैल गेले, बैलांमागे शेणखत गेले, आणि रान हलके झाले. कोरडवाहू गावाचे गावपण म्हणतात ते या साखळीत आहे, पारावरच्या गप्पांत नाही. एका हाताने ही साखळी तोडायची आणि दुसऱ्या हाताने ‘ग्रामीण वारसा’ जपा म्हणून फलक लावायचे, हा इंडियाचा जुना धंदा आहे.

परदेशातही हा पेच आला. इंग्लंडने १९४७ साली जमिनीचा विकासहक्क सरकारजमा केला, पण नुकसानभरपाईसाठी ३० कोटी पौंडांचा निधी बाजूला काढला होता. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॉन्टगोमेरी काउंटीने १९८० साली सुमारे ९३ हजार एकर शेती राखून ठेवली. २५ एकरांना एकच घर, असा कडक नियम. मात्र शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक विकासहक्क दिला, जो तो शहराच्या बाजूला बांधकाम करणाऱ्याला विकू शकतो. ती पद्धत निर्दोष आहे असे नाही, आणि आपल्या अडीच एकराच्या मालकाला ती जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण तिथे हिरवळ फुकट मागितली नाही.

आणि शेतकऱ्याला शहर करायचेच असेल तर? करू द्या. हडपसरला मगर कुळीच्या आणि शेजारच्या सुमारे १२० कुटुंबांनी आपली ४०० एकरांवर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि मगरपट्टा शहर उभे केले. तिथले ऊस-भाजीपाल्याचे रान गेले, हे खरेच. पण विकून देशोधडीला लागण्याऐवजी ते लोक भागधारक झाले. ज्यांना शेती ठेवायची त्यांनी ठेवावी, ज्यांना बदलायची त्यांनी बदलावी. पण ठरवावे त्यांनी.

म्हणून या बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो. पहिली : हद्दवाढ, नगरपरिषद किंवा प्राधिकरण, काहीही करायचे असेल तर त्या त्या गावात गुप्त मतदान झाले पाहिजे आणि बायांचे मत वेगळे मोजले पाहिजे. मगाशी त्यांना रकान्यातून गाळले होते म्हणून नव्हे, तर जमिनीवर राबणारे हात त्यांचे आहेत म्हणून. दुसरी : ज्या जमिनीवर ‘फक्त शेती’चा शिक्का मारायचा, तिच्या मालकाला विकता येण्याजोगा विकासहक्क किंवा दरवर्षी रोख रक्कम दिली पाहिजे, आणि ती हिरवळ मागणाऱ्या शहराच्या करातून. तिसरी : गायरान, ओढे आणि स्मशानभूमी यांचा निर्णय ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय कोणी घ्यायचा नाही, सरपंचानेही नाही. तिसरी मागणी आपल्याच लोकांविरुद्ध आहे, हे मला माहीत आहे.

मागण्या जाहीर होण्याआधी घरचे काम करा. तुमच्या गावापासून नगरपरिषदेची किंवा महापालिकेची हद्द किती अंतरावर आहे ते तलाठ्याकडून नकाशावर पाहून घ्या. प्रादेशिक योजनेत तुमच्या गटाला कोणता रंग दिला आहे तो नगररचना कार्यालयात विचारा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गायरानाचा सातबारा काढा आणि त्यावर इतर हक्कात काय चढले आहे ते वाचा. पुढच्या ग्रामसभेत वरील तीन मुद्द्यांचा ठराव ठेवा, इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका. ठरावाची नक्कल सहीशिक्क्यासह पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. करवीर तालुक्यातल्या गावांच्या नकला आम्ही आणतो.