अंदमानची सहल आणि जारवांचा रस्ता

१/ अंदमानच्या सहलीचा क्रम ठरलेला असतो. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर नतमस्तक व्हायचे, स्वराज द्वीपला प्रवाळांत डायव्हिंग करायचे, शहीद द्वीपच्या किनाऱ्यावर निवांत दिवस घालवायचा आणि शेवटी ‘जंगलातले साहस’ म्हणून मोटारीने बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा गाठायच्या. या शेवटच्या टप्प्याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याचे कारण इतिहासात आहे.

२/ २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले आणि नीलचे शहीद द्वीप. १८५७ चा उठाव चिरडणाऱ्या सेनानींची नावे पुसली गेली, हे योग्यच झाले. पण ही भूमी मुळात ज्यांची, त्यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली का?

३/ मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी बंदिवानांना अंदमानात उतरवले आणि जंगलतोड सुरू झाली. मे १८५९ मध्ये ग्रेट अंदमानी लोकांनी धनुष्यबाणांनिशी वसाहतीवर चाल केली. हीच अबर्डीनची लढाई. दूधनाथ तिवारी या बंदिवानाने हल्ल्याची खबर आधीच इंग्रजांना दिली होती. बंदुकांपुढे बाण हरले.

४/ पुढे ‘सुधारणे’चे युग आले. या लोकांना ‘अंदमान होम’मध्ये आणून ठेवले गेले. उपदंश पसरला, १८७७ मध्ये गोवर आला. हजारोंचा हा समाज १९०१ च्या जनगणनेत ६२५ वर आला आणि १९६१ मध्ये अवघ्या १९ वर.

५/ जारवा दूर राहिले, म्हणून वाचले. मग त्यांच्याच अरण्यातून अंदमान ट्रंक रोड काढण्यात आला. १९९७-९८ पासून ते बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांनाही गोवराने गाठले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या क्षेत्रातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तरीही वाहनांचे ताफे थांबले नाहीत. बाराटांगला जाणाऱ्या मोटारी याच रस्त्याने जातात.

६/ कोणी म्हणेल, उत्तरेकडच्या गावांची ही जीवनवाहिनी आहे. मान्य. पण रुग्णवाहिका आणि धान्याचा ट्रक वेगळा, खिडकीला नाक लावून ‘आदिवासी दिसतोय का’ पाहणाऱ्या पर्यटकांची गाडी वेगळी. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊचे आमिष दाखवून नाचवल्याची चित्रफीत जगाने पाहिली. ते साहस नव्हते, तो माणसांचा बाजार होता.

७/ ‘त्यांना मुख्य प्रवाहात आणा’ म्हणणाऱ्यांनी क्रमांक ४ पुन्हा वाचावा. प्रवाह कोणता आणि कधी, हे जारवाच ठरवतील.

८/ मित्रहो, पाण्याखाली प्रवाळाला बोटही लावू नका, असे आपल्याला बजावले जाते आणि आपण ते मुकाट्याने पाळतो. तेवढाच संयम माणसांच्या बाबतीत पाळायला काय हरकत आहे? अंदमानला अवश्य जा. जेल पाहा, समुद्रात उतरा, अबर्डीनच्या वीरांचे स्मरण करा. बाराटांगचा तो एक दिवस मात्र सहलीतून वगळा.